नातवंडं आजोळी आली असताना दवाखान्यात सही कोणाची?

विचारलं आहे ते थोडक्यात असं. लेक-जावई पुण्याला नोकरीला. सुट्टीत १४ वर्षांचा नातू आणि ९ वर्षांची नात महिनाभर इंदूरला आजी-आजोबांकडे. नातू सायकलवरून पडला आणि मनगटाचं हाड मोडून सरकलं. भूल देऊन हाड बसवायचं ठरलं, पण रुग्णालयाच्या काउंटरवर "माता-पिता की सही लगेगी" म्हणून तीन तास बसवून ठेवलं. लेकीचा फोन लागला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. आजोबांची सही चालत नाही का? आणि पुढच्या सुट्टीआधी काय तयारी करून ठेवावी?

आजोबांची सही चालते. मात्र ती सगळ्याच कामांना चालत नाही. कुठे चालते आणि कशाच्या आधारावर, हे माहीत असलं तर काउंटरवर ठामपणे बोलता येतं.

मुलांच्या उपचारांना संमती कोणी द्यायची हे सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही, गोंधळाचं मूळ इथेच आहे. तुकडे चार ठिकाणी विखुरलेले आहेत. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याआधी केलेला करार टिकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र १२ वर्षांची रेघ आहे. तिच्या कलम २७ प्रमाणे १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने, पालकाच्या 'किंवा ज्याच्या कायदेशीर ताब्यात मूल आहे अशा व्यक्तीच्या' संमतीने केलेली कृती गुन्हा होत नाही. इंग्रजांच्या काळापासून तिथे उदाहरण दिलेलं आहे ते मुतखड्याचं: बाप मुलाच्या भल्यासाठी, मुलाची संमती नसताना, शल्यचिकित्सकाकडून खडा काढवून घेतो. आई-वडिलांनी मुलं तुमच्या हवाली केली आहेत, त्यामुळे ९ वर्षांच्या नातीसाठी तुम्ही या शब्दांत बसता.

नातू १४ वर्षांचा, म्हणजे बरोबर अडचणीच्या पट्ट्यातला. कलम २८ म्हणतं की १२ वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच नव्हे. याचा उलटा अर्थ असा की १२ च्या वरचं मूल काही गोष्टी समजून हो म्हणू शकतं, असं फौजदारी कायदा धरून चालतो. पण तेवढ्यावर १४ वर्षांच्या मुलाची एकट्याची सही घेऊन कोणी भूल देणार नाही, आणि देऊही नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत अज्ञान मुलाच्या शस्त्रक्रियेआधी आई-वडील किंवा पालकाची लेखी संमती घ्यावी असं आहे. पुढे ग्राहक आयोगात प्रकरण गेलं तर डॉक्टरला पहिला प्रश्न तोच विचारतात, म्हणून डॉक्टर जपून असतात. पण नियमात आई-वडिलांसोबत 'पालक' हा शब्द आहे हे विसरू नका. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात पालक म्हणजे अज्ञान मुलाची देखभाल ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती. त्यासाठी न्यायालयाचा हुकूम हाती असलाच पाहिजे असं नाही. आई-वडील फोनवर सापडत असतील तर त्यांना विचारणं योग्यच, पण 'आजोबा म्हणजे कोणीच नव्हे' ही काउंटरवरची समजूत चूक आहे.

आता तुमच्या त्या तीन तासांबद्दल. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मूल दुखापत घेऊन आलं की तपासणं, वेदनाशामक देणं, कच्चं प्लॅस्टर किंवा फळी बांधून हात स्थिर करणं, एक्स-रे काढणं, धनुर्वाताचं इंजेक्शन देणं, यासाठी लेखी संमतिपत्र लागत नाही. तुम्ही मुलाला घेऊन आलात, यातच ती संमती आली. हात न बांधता, औषध न देता मुलाला बाकावर बसवून ठेवलं असेल तर ते चुकलंच. भुलेचं वेगळं आहे. जेवण झालं असेल तर साधारण ६ तास आणि नुसतं पाणी प्यायलं असेल तर २ तास थांबावंच लागतं, नाहीतर भुलेत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मनगटाच्या हाडाला, बोटं गरम आणि गुलाबी असतील, संवेदना ठीक असेल, तर हे थांबणं सोसतं. म्हणून अशा वेळी काउंटरवर वाद घालण्याआधी सिस्टरला सांगा: "शेवटचं खाणं इतक्या वाजता झालं, आता तोंडाने काही देत नाही, दुखण्याचं औषध सुरू करा." मुलाला भूक लागली म्हणून मध्येच बिस्किट दिलं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सहीपेक्षा या बिस्किटाने जास्त ऑपरेशनं पुढे गेलेली आहेत.

सगळ्याच दुखण्यांना थांबणं सोसत नाही. कोपराच्या वर हाड मोडलं आणि हात थंड, पांढरा पडला, नाडी लागत नाही. वृषणाला पीळ पडला, जिथे ६ तासांच्या आत सोडवलं तर ते वाचण्याची शक्यता चांगली आणि पुढे दर तासाला कमी होत जाते. डोक्याला मार लागून शुद्ध हरपते आहे. पोटात रक्तस्राव आहे. इथे कोणाच्याच सहीसाठी थांबायचं नसतं. न्याय संहितेचं कलम ३० यासाठीच आहे: संमती देऊ शकेल असा पालक वेळेत मिळण्यासारखा नसेल तर चांगल्या हेतूने, मुलाच्या भल्यासाठी केलेला उपचार गुन्हा नाही. त्यातलं उदाहरणही मुलाचंच आहे. अपघात झालेलं मूल, ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर जीव जाणार, पालकाला विचारायला वेळ नाही, मूल 'नको नको' म्हणतं आहे, तरी सर्जन शस्त्रक्रिया करतो आणि दोषी ठरत नाही. जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकाल आहे: जीव वाचवणं आधी, पोलिसांचे आणि बाकीचे सोपस्कार नंतर. डॉक्टरने केस पेपरवर वेळ टाकून लिहायचं की धोका काय आहे, पालकांच्या कोणत्या नंबरवर किती वाजता फोन लावला, का लागला नाही. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरचीही सही घ्यायची. दोन डॉक्टरांची सही ही कायद्याची अट नव्हे, चांगली रीत आहे. तुम्ही एवढंच म्हणा, "थांबल्याने काय नुकसान होईल ते केस पेपरवर लिहा." हे वाक्य ऐकलं की बहुतेक ठिकाणी वरिष्ठ डॉक्टरला बोलावलं जातं.

आता तयारी. लेक-जावयाकडून निघण्यापूर्वी एका कागदावर पत्र घ्या. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरीही नाही. हे मुखत्यारपत्र नव्हे, आणि पालकत्वही याने तुमच्याकडे येत नाही. तुम्हाला दिलेली परवानगी फक्त कागदावर दिसते. पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत असू द्या, कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला माणूस मराठी वाचत बसणार नाही. मजकुराचा सांगाडा असा:

"आम्ही, (आईचं नाव) आणि (वडिलांचं नाव), (मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख) याचे आई-वडील. दिनांक … ते … या काळात आमचा मुलगा इंदूर येथे (आजी-आजोबांची नावं, पत्ता, नातं) यांच्याकडे राहणार आहे. या काळात त्याच्या तपासणीसाठी, भरतीसाठी, आणि डॉक्टरांनी गरजेचे सांगितलेल्या उपचारांसाठी, भूल, रक्त देणं आणि तातडीची शस्त्रक्रिया धरून, यांनी आमच्या वतीने संमती द्यावी. आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी आम्हाला फोनवर विचारावं. आमचे नंबर … आणि …. आम्ही न सापडल्यास उपचार थांबवू नयेत."

खाली दोघांच्या सह्या, तारीख, एका साक्षीदाराची सही. दोघांच्या आधारची आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. नुसतं 'संमती आहे' असं मोघम पत्र फारसं उपयोगी पडत नाही. तारखा, नातं आणि 'न सापडल्यास थांबवू नये' हे तीन तुकडे डॉक्टर डोळ्यांनी शोधतो.

पत्राच्या मागच्या बाजूला वैद्यकीय माहिती लिहून घ्या, माझ्या मते सहीपेक्षा ही बाजू जास्त कामाची. मुलाचं वजन किलोत, कारण मुलांची बहुतेक औषधं वजनावर ठरतात आणि आजोबांचा अंदाज पाच-सात किलोंनी सहज चुकतो. कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि तेव्हा नक्की काय झालं होतं: पुरळ, की श्वास लागला? दमा, फिट्स, रोजचं औषध आणि त्याची मात्रा. धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी. आधी कधी भूल दिली होती का. आणि घरात कोणाला भुलेत मोठी अडचण आली होती का, ताप भडकला किंवा बराच वेळ श्वास सुरू झाला नाही असं काही. हा शेवटचा प्रश्न भूलतज्ज्ञ हमखास विचारतो आणि आजी-आजोबा हमखास 'माहीत नाही' म्हणतात, विशेषतः जावयाकडच्या बाजूबद्दल.

पत्र नसलं तर फोनवरची संमतीही चालते, पण रीतीने घेतली तर. डॉक्टरने स्वतः स्पीकरवर बोलायचं, रुग्णालयातली आणखी एक व्यक्ती ऐकायला हवी. काय आजार, काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय, न केल्यास काय, हे आईला किंवा वडिलांना सांगायचं आणि त्यांचं उत्तर वेळेसकट केस पेपरवर लिहायचं. मग त्यांनी साध्या कागदावर चार ओळी लिहून, सही करून, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. "डॉक्टर म्हणतायत छोटं ऑपरेशन आहे" असा निरोप गेला आणि पुढे आतडं कापावं लागलं, की सगळ्यांत आधी तुमच्याच घरात वाद पेटतो.

सही करताना कागद नीट बघा. शहरातल्या बहुतेक रुग्णालयांत 'सहमति पत्र' हिंदीत छापलेलं असतं, वर रिकाम्या जागा आणि खाली 'परिजन के हस्ताक्षर'. रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका: शस्त्रक्रियेचं नाव, उजवा की डावा हात, कोण करणार, तारीख आणि वेळ. नात्याच्या रकान्यात 'पिता' लिहू नका, 'नाना' असेल तर 'नाना' लिहा आणि पुढे 'माता-पिता की लिखित अनुमति संलग्न' असं स्वतःच्या हाताने लिहा. खोटं नातं लिहिलं तर चांगल्या हेतूने दिलेली संमतीही संशयात येते. शस्त्रक्रिया, भूल आणि रक्त यांचे कागद वेगवेगळे असतात, तिन्ही वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसरीसाठी धरता येत नाही. तिथे ४४ वर्षांची बाई तपासणीसाठी भुलेत होती आणि बाहेर तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं गेलं. तातडीचा धोका नव्हता, म्हणून ती संमती चालली नाही. त्याच निकालातून आणखी एक गोष्ट निघते: मूल १८ पूर्ण झालं की त्याच दिवसापासून शुद्धीत असलेल्या त्या मुलाचीच सही लागते, आईची नाही.

याच गठ्ठ्यात एक वेगळा कागद घुसवलेला असतो, तो बिलाच्या हमीचा. तो उपचाराची संमती नव्हे, तो पैशाचा करार आहे, आणि सही करणारा त्या रकमेला बांधला जातो. जावयाच्या विम्याचं कार्ड असेल तर त्याचा फोटो आधीच मागवून ठेवा आणि हमीपत्रावर सही करण्यापूर्वी कॅशलेसचं काय झालं ते विचारा.

आई एकटी असेल तर तिची सही पुरते. 'पिता की ही सही चाहिए' असं अजूनही ऐकू येतं, त्याला आधार नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई' असे शब्द आहेत खरे, पण गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' म्हणजे 'मृत्यूनंतर' नव्हे, 'गैरहजेरीत' असा अर्थ लावला. वडील लांब आहेत, लक्ष घालत नाहीत, तेव्हा आई पालक. घटस्फोट झालेला असेल आणि दोघांचं मोठ्या, ठरवून करायच्या शस्त्रक्रियेवर जमत नसेल तर डॉक्टर मध्ये पडत नाहीत, ते कुटुंब न्यायालयाचं काम. तातडी असेल तर मात्र एकाची संमती घेऊन पुढे जायचं.

मुलाला विचारायचं का? विचारायचं, आणि खरंच विचारायचं. १४ वर्षांच्या मुलाला भूल, टाके, प्लॅस्टर किती दिवस, दुखेल किती, हे डॉक्टरने त्याच्याशीच बोलायला हवं. संशोधनाच्या बाबतीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे लेखी आलं आहे: ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी होकार, १२ ते १८ वयाच्या मुलांचा लेखी होकार, आणि पालकाची संमती वेगळी. इंदूरकरांना हा विषय परका नाही. औषध-चाचण्यांविरुद्ध इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्याच प्रकरणात २०१३ मध्ये संमती घेतानाचं दृकश्राव्य चित्रण करण्याचा आदेश निघाला. तुमच्या हातातल्या कागदावर 'ट्रायल', 'स्टडी', 'अध्ययन' असा शब्द दिसला तर आजी-आजोबांनी सही करू नये. तो निर्णय आई-वडिलांचाच, आणि नाही म्हटल्याने नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

तुमच्या पत्राने न भागणारी आणखी काही कामं आहेत. मनोरुग्णालयात मुलाची भरती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८७ नेच होते: कायदेशीर पालकाचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मोठ्यांपासून वेगळी खोली, सोबत कायम माणूस, आणि ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं. विजेचे उपचार (शॉक) मुलांना द्यायचे तर पालकाच्या संमतीसोबत मंडळाची आगाऊ परवानगीही लागते. व्हिडिओवर डॉक्टरचा सल्ला घ्यायचा तर २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे मुलासोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटवायला हवी. तिथे आजी चालते.

मुलगी गर्भवती असेल तर घाबरून घरगुती इलाज शोधू नका. १९७१ च्या गर्भपात कायद्यात १८ खालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, पण त्या कायद्यात पालक म्हणजे मुलीची देखभाल करणारी व्यक्ती. म्हणून मुलगी मावशीकडे किंवा आजीकडे राहत असेल तर तीही सही करू शकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना, दोन डॉक्टरांच्या मताने, २४ आठवड्यांपर्यंत ही सोय आहे. मुलीचं स्वतःचं मत वेगळं असेल तर ते बाजूला सारायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. पण २०२२ च्या निकालानुसार गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर कळवताना मुलीचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला उपचार देण्याआधी एफआयआर किंवा पत्र मागणं २०२० च्या पॉक्सो नियमांविरुद्ध आहे.

इंदूरच्या भंवरकुआं भागात कोचिंगसाठी राहणाऱ्या १६-१७ वर्षांच्या मुलामुलींचा प्रश्न नातवंडांपेक्षाही नाजूक आहे. आई-वडील खंडव्याला, बुरहानपूरला किंवा जळगावला, आणि हॉस्टेलच्या प्रवेशअर्जात 'वॉर्डन निर्णय घेईल' अशी एक ओळ. त्या ओळीवर अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला डॉक्टर तयार होत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. अशा मुलांसाठी वरचंच पत्र वॉर्डन आणि शहरातला एखादा नातेवाईक, दोघांच्या नावाने करून घ्यावं, आणि एक प्रत मुलाच्या पाकिटात, वजन व ॲलर्जीच्या बाजूसकट.

उलटाही प्रसंग येतो: डॉक्टर उपचार हवा म्हणतात आणि घरचे मुलाला उचलून न्यायला निघतात. 'अपनी मर्जी से ले जा रहे हैं' हा कागद मोठ्यांच्या बाबतीत ठीक. मुलाच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टर बाल कल्याण समितीला, पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवू शकतात, आणि गरज पडली तर इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडेही जाता येतं. मुलाकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पालकांवरही कारवाई होते. रक्त द्यायला भीती वाटते, पैशाची अडचण आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं आहे, असं काही असेल तर तसं उघड बोला. एम.वाय. किंवा चाचा नेहरू या इंदूरच्या सरकारी रुग्णालयांत हलवायचं असेल तर सोबत डॉक्टरची चिठ्ठी, दिलेल्या औषधांच्या वेळा आणि एक्स-रे घेऊन निघा.

पत्र कुठे ठेवायचं हेही ठरवून ठेवा. मूळ कागद केस पेपरच्या फायलीत, एक फोटो तुमच्या फोनमध्ये आणि एक शेजारच्यांच्या, कारण घाईत चष्मा आणि फोन दोन्ही घरी राहतात. पुढच्या सुट्टीत हेच पत्र पुन्हा वापरू नका, नव्या तारखांचं घ्या, आणि मुलाचं वजन पुन्हा करून लिहा. या वयात वर्षभरात ते चार-पाच किलोंनी वाढलेलं असतं.